अकरा मिनिटांचा डबा, साठ मिनिटांची कॅसेट

मुंबईत सिनेमा हा धंदा असतो, पुण्यात तो शिकायचा विषय असतो, आणि दिल्लीत तो बरीच वर्षं एक अर्ज होता. अर्ज मंत्रालयाकडे, दूरदर्शनकडे, नाहीतर एखाद्या परदेशी निधीकडे; सोबत संहितेच्या प्रती आणि अंदाजपत्रक. सिनेमात पैसा घालणारे शेठ इथे नव्हते. नट मंडी हाउसला नाटक करायचे आणि जमलं की मुंबईची गाडी पकडायचे. त्यामुळे दिल्लीत खऱ्या अर्थाने रुजला तो माहितीपट. या माहितीपटवाल्यांनी फिल्म सोडून स्वस्त व्हिडिओ हातात घेतला, तोही फारसं सुतक न पाळता. पैसे वाचले हे त्याचं अर्धंच कारण.

उरलेल्या अर्ध्यावर माझ्या ओळखीतले एक मामा-भाची वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. नावं देत नाही. छापून येणार म्हटलं की दोघंही सभ्य बोलायला लागतात. मामा सत्तरच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकले आणि १९८२ च्या एशियाडच्या धामधुमीत, टीव्ही रंगीत होत असताना दिल्लीला आले ते इथलेच झाले. भाची करोल बागेत वाढली, पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकली आणि जामिया मिलियाच्या मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटरमधून बाहेर पडली तीच डिजिटल कॅमेरा हातात घेऊन. तिची एक फिल्म करोल बाग आणि चांदणी चौकातल्या आपल्या गलाईवाल्यांवर आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडून येऊन सोनं-चांदी गाळणारी ही माणसं. त्या फिल्मच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायच्या म्हणून तिने मामांना मयूर विहारहून बोलावलं. मीही गेलो. काम बाजूला राहिलं.

मामा : या कपाटात एकूण किती तास आहेत?

भाची : दीडशेच्या आसपास असतील.

मामा : आणि फिल्म?

भाची : बावन्न मिनिटं.

मामा : याला शूटिंग म्हणत नाहीत, साठेबाजी म्हणतात. मला अर्ध्या तासाच्या फिल्मला दहा-बारा डबे मिळायचे. सोळा एमएमचा चारशे फुटांचा डबा म्हणजे अकरा मिनिटं. मंत्री अडीच तास बोलणार आणि माझ्याकडे अकरा मिनिटं. मग मी आधी ऐकायचो. त्याचा आवाज कुठे चढतो, लोक कधी चुळबुळ करतात, ते बघायचो. बटण दाबायच्या आधी निम्मी फिल्म डोक्यात झालेली असायची.

भाची : मंत्र्याचं ठीक आहे, मामा. तो बोलायलाच आलेला असतो. माझ्यासमोर होती विट्याकडची बाई. नवरा भट्टीवर, ही माझ्याकडे पाठ करून भाकरी थापतेय. पहिली वीस मिनिटं "आमचं काय, बरं चाललंय" यापलीकडे काही नाही. नंतर केव्हातरी, मागे वळून न बघता म्हणाली, दिल्लीत येऊन इतकी वर्षं झाली, मी लाल किल्ला अजून आतून बघितला नाही. तुमचा डबा तोवर केव्हाच संपला असता.

मामा : मी तेव्हाच सुरू केला असता.

भाची : तेव्हा म्हणजे केव्हा, हे तुम्हाला आधी कसं कळलं असतं?

मामांनी चहाचा कप उचलला. डबा संपला की काय व्हायचं, हे आज बऱ्याच जणांना माहीत नसेल. दुहेरी काळ्या कापडाची एक पिशवी असायची, तिला दोन बाह्या. असिस्टंटने त्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि नजर भलतीकडे लावून बोटांनी काम करायचं. मॅगझिनमधली फिल्म काढून काळ्या कागदात गुंडाळायची, डब्यात घालून झाकणाच्या कडेने चिकटपट्टी मारायची, नवी फिल्म भरायची, लूप नीट बसलाय का ते चाचपायचं. मग पिशवीतून हात काढून गेट तपासायचं, कारण गेटमध्ये एक केस अडकला तरी तो पडद्यावर शेवटपर्यंत थरथरत राहतो. सरावलेल्या माणसाला या सगळ्याला काही मिनिटं पुरत. मे महिन्याच्या दिल्लीत घामाने फिल्म बोटांना चिकटायला लागली की जास्त. मिनी डीव्हीची कॅसेट साठ मिनिटांची, तळहातात दोन मावतील एवढी, आणि ती बदलायला दहा सेकंदही लागत नाहीत.

भाची : आणि ते दहा-बारा डबे तुम्हाला द्यायचं कोण?

मामा : ऑफिस.

भाची : तेच म्हणतेय. रॉ स्टॉक बाहेरून यायचा, त्याची आयात सरकारच्या मुठीत, पुढे एनएफडीसीच्या. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, पण रंगीत निगेटिव्ह म्हटलं की कोडॅक, फुजी, नाहीतर पूर्व जर्मनीची ऑर्वो. म्हणजे कॅमेरा फिरायच्या आधी कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर 'हो' म्हणायला हवं. माझ्या फिल्मला कुणीच 'हो' म्हटलं नव्हतं. तरी ती झाली.

मामा : 'हो' न मिळवता फिल्मवरही काम झालंय. आनंद पटवर्धन १९७४ मध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनात बिहारला गेला तो सुपर एटचा घरगुती कॅमेरा घेऊन. ते चित्रण पडद्यावर टाकलं आणि त्यावरून सोळा एमएमवर पुन्हा उतरवून घेतलं. स्टॉक मुदत उलटलेला. 'क्रांती की तरंगें' त्यातून झाली, आणि आणीबाणीत तिची प्रिंट तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर गेली. जिद्द असली की फिल्म आडवी येत नाही.

भाची : हे तुमच्या बाजूचं उदाहरण झालं की माझ्या? हाताला लागेल ते सगळ्यात स्वस्त साधन घेऊन ते निघाले. तेव्हा ते सुपर एट होतं. आणि त्याच पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' बघा. रमाबाई नगरचा गोळीबार जुलै १९९७ चा, शाहीर विलास घोगरेंची आत्महत्या त्यानंतरची, आणि फिल्म पुरी झाली २०११ मध्ये. चौदा वर्षं. शाहीर गातायत, सभा चालल्यात, वस्तीतली पोरं डोळ्यांदेखत मोठी होतायत. चौदा वर्षं डबे कुठून आणले असते?

इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं, कारण स्वस्त व्हिडिओ डिजिटलबरोबर आला असं दोघंही धरून चालले होते. दिल्लीत ती गोष्ट बरीच जुनी आहे. सेंडिट ही संस्था इथे १९७२ मध्ये निघाली ती व्हिडिओ सामान्य माणसांच्या हाती द्यायच्या खटाटोपातून. १९८२ मध्ये जामियात केंद्र उघडलं आणि चारच वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या मुलींनी 'मीडियास्टॉर्म' नावाचा गट काढला. शाहबानो प्रकरणानंतरच्या कायद्यावर त्यांनी फिल्म केली. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानात देवरालाला सती प्रकरण घडल्यावर तिथे जाऊन 'फ्रॉम द बर्निंग एम्बर्स' केली. साधन होतं यू-मॅटिक व्हिडिओ: खांद्यावर कॅमेरा, त्याला केबलने जोडलेला रेकॉर्डर दुसरीच्या खांद्यावर, आणि कॅसेट वीस मिनिटांची. स्वस्त म्हणावं तर फिल्मच्या मानाने, आणि हलकं तर अजिबात नाही. पण लॅबला काही पाठवायचं नव्हतं. रात्री मुक्कामाच्या खोलीत, त्याच दिवशी, काय मिळालं ते बघता येत होतं. सतीची मिरवणूक काढणाऱ्या गावातून परतल्यावर ते त्याच रात्री बघता येणं ही चैन नव्हती, संरक्षण होतं. १९८८ पासून 'न्यूजट्रॅक' या व्हिडिओ-बातमीपत्राच्या व्हीएचएस कॅसेटी घरोघर भाड्याने फिरायला लागल्या. दूरदर्शनच्या बातम्यांत जे दिसत नाही ते गल्लीतल्या कॅसेटवाल्याकडे मिळतं, हे दिल्लीकर तेव्हाच शिकला.

मामा : यू-मॅटिकचं चित्र आठवतंय ना? लाल रंग साडीतून बाहेर ओघळायचा.

भाची : आठवतंय. आणि तरी तेच लोकांनी पाहिलं.

तिच्या पिढीचं खरं हत्यार २००० साली आलं: सोनीचा पीडी-१५०. त्याच्या पाच वर्षं आधीचा व्हीएक्स-१००० ही त्याची थोरली पाती. तीन छोट्या चिप, व्यावसायिक माइक लावायची सोय आणि एका हातात पेलणारं वजन. कॅमेऱ्यांसाठी दिल्लीकर चांदणी चौकातल्या कूचा चौधरीत जातो. सोन्या-चांदीचा कूचा महाजनी तिथून हाकेच्या अंतरावर. भाचीची फिल्म या दोन गल्ल्यांच्या मध्ये घडली असं म्हटलं तरी चालेल.

भाची : जंतरमंतरवर एकदा पोलिसाने हटकलं. "शादी का कैमरा है क्या?" मी म्हटलं, हो. "तो यहाँ क्या कर रही हो?" म्हटलं, बाराती इथेच आहेत. हसला आणि सोडून दिलं. तुमचं एरिफ्लेक्स घेऊन हे जमलं असतं?

मामा : एरिफ्लेक्स दिसला की पोलीस सलाम करायचा.

भाची : म्हणूनच नको होता. राहुल रॉयची 'व्हेन फोर फ्रेंड्स मीट' घ्या, २००० ची. जहांगीरपुरीतली चार पोरं, पोरींबद्दल, कामाबद्दल, स्वतःच्या मर्दपणाबद्दल बोलतायत. समोर क्रू असता तर ती पोरं छाती पुढे काढून उभी राहिली असती. तेराएक वर्षांनी तो पुन्हा त्याच चौघांकडे गेला, 'टिल वी मीट अगेन' केली. मग मानेसरच्या मारुती कारखान्यातल्या २०१२ च्या प्रकरणानंतर तुरुंगात पडलेल्या कामगारांवर 'द फॅक्टरी'. गुडगावच्या कोर्टात तारीख, पुन्हा तारीख, बाहेर बायका बसलेल्या. वाट बघणं हाच विषय असेल तर अकरा मिनिटांत काय मावणार?

मामा : वाट बघणंसुद्धा कापावंच लागतं, बाई. प्रेक्षक गुडगावच्या कोर्टाबाहेर बसत नाही, खुर्चीत बसतो. तू म्हणतेस पैसे वाचले. वाचले नाहीत, पुढे ढकलले. आम्ही आधी भरायचो, तुमचा एडिटर नंतर भरतो. ती केजरीवालांवरची फिल्म...

भाची : 'अॅन इनसिग्निफिकंट मॅन'.

मामा : तीच. चारशे तासांच्या वर चित्रण होतं म्हणतात. दिवसाला आठ तास बघितलं तरी नुसतं एकदा नजरेखालून घालायला पन्नास दिवस. त्या पन्नास दिवसांचे पैसे कुणी धरले होते अंदाजपत्रकात?

भाची : लोकवर्गणीत धरले असतील. आणि ते चारशे तास नसते तर त्या बंद खोलीतल्या बैठका पडद्यावर दिसल्याच नसत्या. सेन्सॉर बोर्ड म्हणालं, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांची ना हरकत पत्रं आणा. ट्रिब्युनलपर्यंत जाऊन २०१७ मध्ये ती थिएटरला लागली.

सेन्सॉरचा विषय निघाल्यावर २००४ च्या 'विकल्प'चाही निघाला. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबई महोत्सवात भारतीय माहितीपटांनाच सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, आरडाओरड झाल्यावर मागे घेतली गेली, आणि मग बऱ्याच अडचणीच्या फिल्मा निवडीतच गळाल्या. त्या गळालेल्यांनी प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात आपला वेगळा महोत्सव भरवला. फिल्मची प्रिंट लागली असती तर हे इतक्या झटपट झालं नसतं, एवढं मामांनी मान्य केलं आणि विषय बदलला.

बदलला तो त्यांच्या हुकमाच्या पानावर. त्यांनी भाचीला एक कॅसेट लावायला सांगितली. टीव्हीवर कूचा महाजनीतली दहा बाय दहाची खोली आली. मातीची भट्टी, तिच्यात मूस, बनियन घातलेला माणूस चिमट्याने मूस उचलतोय. त्याने ती कलती केली आणि चांदीची धार साच्यात पडायला लागली. धार म्हणजे पडद्यावर एक पांढरा डाग होता. त्या पांढऱ्यात ना कड होती, ना वळण, ना वाफ. शेजारी माणसाचा चेहरा पार काळा.

मामा : थांबव. हे काय आहे?

भाची : जळलंय.

मामा : तुझ्या फिल्मचा विषय चांदी आहे, आणि चांदीच नाहीये चित्रात. निगेटिव्हवर असती तर त्या धारेत तुला लाल दिसला असता, पिवळा दिसला असता, वरची काजळी वेगळी दिसली असती, आणि त्या माणसाचे डोळेही मिळाले असते. डीव्हीत पांढरं एकदा गेलं की गेलं. नंतर कितीही ग्रेडिंग कर, जे टिपलंच नाही ते कुठून आणशील?

भाची : तुम्ही आत दिवे लावले असते. त्या खोलीत आधीच तेजाबाचा धूर, खिडकी एक, ती पण बंद. तुमच्या दोन दिव्यांनी काम बंद पडलं असतं.

मामा : पाचशे एएसएची फिल्म तेव्हा मिळत होती. एक दिवा, तोही भिंतीवर मारलेला, एवढ्यावर केलं असतं. आणि दिल्लीतच कशाला लांब जायचं? मीरा नायरने 'मान्सून वेडिंग' इथेच केली, सुपर सोळावर, हातातल्या कॅमेऱ्याने, महिनाभरात. २००१ ला व्हेनिसचा सुवर्णसिंह घेऊन आली. लग्नघरातली गर्दी, पाऊस, झेंडूची फुलं, सगळं धावपळीत टिपलेलं. लहान कॅमेरा, थोडा वेळ, आणि तरी पिवळा तो पिवळाच. घाईला व्हिडिओच लागतो हा तुमचा भ्रम आहे.

भाची : आणि त्यातली काही फिल्म विमानतळावरच्या एक्स-रेत खराब झाली, ते पुन्हा शूट करावं लागलं, हे नाही सांगितलंत. माझी कॅसेट एक्स-रेतून दहा वेळा गेली तरी तिला काही होत नाही.

मामा : त्यात मुळात टिपलेलंच नसेल तर खराब काय होणार!

हा टोला भाचीला लागला. खरं सांगायचं तर या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. 'चित्र महत्त्वाचं नाही, आशय महत्त्वाचा' असं म्हणून त्या काळी कितीतरी फिल्मांमध्ये केवळ आळस खपवला गेला. हॅबिटॅट सेंटरमध्ये, इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये बसून मी अशा फिल्मा पाहिल्यात: कॅमेरा डगडगतोय, आवाज मागच्या पंख्याचा, आणि चर्चेत दिग्दर्शक म्हणतो, ही जाणीवपूर्वक निवडलेली शैली आहे. स्वस्त साधनाची स्वतःची भाषा शोधणारे थोडे. दिबाकर बॅनर्जी त्यातला एक. 'खोसला का घोसला'सारखी रीतसर फिल्म केलेल्या या दिल्लीच्या माणसाने २०१० मध्ये 'लव्ह सेक्स और धोखा' केली ती जणू घरगुती व्हिडिओ, दुकानातला सीसीटीव्ही आणि स्टिंगचा छुपा कॅमेरा यांच्याच डोळ्यांनी. तिथे चित्र ओबडधोबड आहे कारण ते कॅमेरे ओबडधोबड आहेत, आणि कुणीतरी कुणालातरी न विचारता बघतंय हाच विषय आहे. मामांना ती फिल्म आवडते. ते कबूल करायला त्यांना बरीच वर्षं लागली.

मामा : त्याला कळलं होतं की हा कॅमेरा निष्पाप नाही. तुम्हा लोकांना कळलं नाही.

भाची : म्हणजे?

मामा : आमच्या कॅमेऱ्याला आवाज होता. कितीही ब्लिम्प करा, जवळ बसलेल्याला खरखर यायची. ती सुरू झाली की समोरचा सावरून बसायचा. तुम्ही म्हणता तो अवघडला. मी म्हणतो त्याला नोटीस मिळाली. आता तुझा कॅमेरा तीन तास चालू आहे, लाल दिवा तू पट्टी लावून झाकलायस...

भाची : सगळेच झाकतात.

मामा : सगळेच झाकतात, आणि समोरचा विसरतो. विसरल्यावर जे बोलतो त्याला तू 'खरं' म्हणतेस. टेप फुकट आहे म्हणून तू थांबत नाहीस. मग किंमत कोण देतो?

दिल्लीने हे दोन्ही टोकांनी पाहिलंय. मार्च २००१ मध्ये 'तहलका'ने छुप्या कॅमेऱ्याने शस्त्रखरेदीतली लाच दाखवली. बंगारू लक्ष्मण नोटा घेताना दिसले आणि त्यांना भाजपचं अध्यक्षपद सोडावं लागलं. चित्र धुरकट, कोन वेडावाकडा. त्या धुरकटपणामुळेच ते खरं वाटलं. २००७ मध्ये एका वाहिनीने तसाच धुरकट व्हिडिओ दाखवून सरकारी शाळेतल्या एका शिक्षिकेवर विद्यार्थिनींना वाममार्गाला लावल्याचा आरोप केला. जमावाने तिला भर रस्त्यात मारहाण केली, कपडे फाडले. नंतर निघालं की स्टिंग बनावट होतं. वाहिनीला महिनाभर बंदी झाली. धुरकट म्हणजे खरं, हे समीकरण सहा वर्षांत लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं. शत्रूवर रोखलेला छुपा कॅमेरा आणि विश्वासाने घरात घेतलेला माहितीपटवाल्याचा कॅमेरा यांत फरक आहेच. पण तो मशीनमध्ये नाही, आणि टेप स्वस्त झाली तेव्हा कुणी तो बसून ठरवलाही नाही.

भाची काही वेळ बोलली नाही. मग तिने कपाटातून एक कॅसेट काढली. तिच्यावर मार्करने तारीख आणि 'लावू नये' असं लिहिलं होतं.

भाची : हा मघाचा माणूस. चौथ्या-पाचव्या दिवशी मी आहे हे तो विसरला होता. साथीदाराला सांगत होता की गेल्या वर्षभरात गावाकडे पैसे पाठवलेले नाहीत, डॉक्टरने छातीचा फोटो काढून भट्टीवर जाऊ नको सांगितलंय, आणि हे घरी कळता कामा नये. मी रेकॉर्ड केलं. फिल्मचा शेवट मी त्यावरच करणार होते. त्याला दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आला. म्हणाला, ताई, तेवढं काढा.

मामा : काढलंस?

भाची : काढलं. म्हणून तर फिल्म बावन्न मिनिटांची आहे. नाहीतर तासाची होती.

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि प्रथमच साठेबाजीबद्दल काही बोलले नाहीत. मात्र आपला मुद्दा सोडतील तर ते मामा कसले.

मामा : बरं, हे सगळं टिकणार किती? 'संत तुकाराम' १९३६ ची. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात प्रत ठेवली, थंड ठेवली, आजही बघायला मिळते. तुझ्या कॅसेटी पंचवीस वर्षांत चौकोन चौकोन टाकायला लागल्या. मघाशी बघितलंस ना, भट्टीच्या कोपऱ्यात निळे तुकडे आले ते?

भाची : आणि 'आलम आरा' कुठे आहे? त्याच संग्रहालयाच्या पी. के. नायरना दिग्दर्शक अर्देशीर इराणींच्या मुलाने सांगितलं होतं, चांदी काढून घेतली आणि फिल्म टाकली. तुमच्या फिल्मवर चांदीचा थर होता म्हणून तर ती वितळवली गेली. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, प्रभातचा केवढा ठेवा गेला. फिल्म टिकते म्हणजे कुणीतरी टिकवली तर टिकते.

मामा : तेच तर. आम्ही थंड खोली दिली की ती आपली आपण राहते. तुमच्या हार्डडिस्कला दर चार-पाच वर्षांनी नवा जन्म द्यावा लागतो. ऑस्करवाल्या अकादमीने २००७ मध्ये हिशोब मांडला होता: एका सिनेमाचं फिल्म मास्टर ठेवायला वर्षाला १,०५९ डॉलर, तोच फोर-के डिजिटलमध्ये ठेवायला १२,५१४. स्वस्त कुठलं?

भाची : पण आता परत कुठे जाणार? फुजीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. त्याआधी कोडॅकचं दिवाळं निघालं.

मामा : परत जायचं कोण म्हणतंय? तुमच्यातलीच हुशार पोरं परत बघतायत की. पायल कपाडियाची 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'. पुण्यातला संप, दिल्लीतली विद्यार्थ्यांची आंदोलनं, आणि चित्र कसं? काळंपांढरं, दाणेदार. २०२१ ला कान्समध्ये बक्षीस. शौनक सेनची वजिराबादच्या घारींवरची फिल्म डिजिटलच आहे, पण कॅमेरा कसा सरकतो बघ, एकेक शॉट आखलेला. 'ऑल दॅट ब्रीद्स'मध्ये मला कुठेही साठेबाजी दिसली नाही. साधन स्वस्त झालं म्हणून नजरही स्वस्त करायला हवी असं कुठे आहे? एवढंच मी वीस वर्षं ओरडतोय.

भाची : एवढंच ओरडत होतात तर आधीच मान्य केलं असतं.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. मिनी डीव्हीचा धडका डेक भाड्यानेसुद्धा मुश्किलीने मिळतो. मिळाला तर त्याचं हेड साफ करणारा माणूस मिळत नाही. आणि कॅसेट ज्या वेगाने रेकॉर्ड झाली त्याच वेगाने उतरते: दीडशे तास म्हणजे दीडशे तास. मामांचं म्हणणं, आधी निवड, मग उतरव. भाचीचं म्हणणं, निवडायचं नाही. तिने २००४ ची एक कॅसेट लावली. 'फुकट गेलेली', कारण त्या दिवशी मुलाखत देणारा आलाच नाही आणि तिने नुसता पुसा रोडवर कॅमेरा धरून ठेवला होता. मेट्रोचे खांब अर्धे उभे, त्यांच्या मधून टांगा चाललाय, मागे दुकानांच्या जुन्या पाट्या. करोल बागेचं स्टेशन २००५ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालं. हे दृश्य आता कुठेच नाही. मामा सगळं शांतपणे बघत होते, फक्त मध्येच एकदा "हॉरिझन सरळ कर" म्हणाले, वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याला.

मामा : उतरव सगळं. लॉगशीट दे, मी आकडे लिहितो.

भाची : लॉगशीट नाहीये.

मामा : दीडशे तास शूट केलंस आणि लॉगशीट नाही?

भाची : कॅसेटवर तारखा आहेत.

मामा : आणि ही? 'लावू नये'? ही उतरवायची की नाही?

भाची : तेच कळत नाहीये. फिल्ममधून काढलं, पण इथे आहेच. उतरवलं तर पुढची कित्येक वर्षं राहणार. नाही उतरवलं तर दोन-चार वर्षांत आपोआप जाईल.

मामा : आपोआप जाऊ दे म्हणणं हाही निर्णयच झाला. त्याला विचार.

भाची : तो भट्टी सोडून खानापूरला परत गेलाय. नंबर जुना आहे.

मामा : मग जा. आणि या खेपेला कॅमेरा नेऊ नकोस.

भाची : न्यायची गरजच नाही. त्याच्या मुलाच्या फोनमधला माझ्या पीडी-१५० पेक्षा चांगला आहे.